मात्रेचा इतिहास

औषध कोणतें हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच तें किती आणि किती वेळां द्यावयाचें हाहि महत्त्वाचा असतो. उतारवयांतील पुष्कळ पुरुषांस गांठणाऱ्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरील किरणचिकित्सेचा इतिहास याची साक्ष देतो. रोग ग्रंथीबाहेर पसरला नसेल तर किरणांनीं तो बरा होऊं शकतो. परंतु त्यासाठीं बराच काळ ७८ ग्रे इतकी मात्रा ३९ खेपांत, म्हणजे जवळजवळ आठ आठवडे, घ्यावी लागे. तें काम आतां पांच खेपांत होऊं शकतें. हा पालट घडण्यास इतका काळ कां लागला, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मात्रा विभागून देण्याचा नियम विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत पॅरिस येथें दृढ झाला. तेथील रेडियम संस्थेंत क्लोदियस रगो यांनीं मेंढ्यांवर प्रयोग केले. एकदम भारी मात्रा दिली तर मेंढ्याची कातडी जळे, पण वीर्योत्पादन पुरतें थांबत नसे. थोडी थोडी दिली असतां तें थांबे आणि कातडीहि वांचे. भराभर वाढणाऱ्या त्या पेशी कर्करोगासारख्याच मानून आंरी कुतार यांनीं हीच रीत घशाच्या कर्करोगास लाविली व तींत त्यांस यश आलें.

नियम खरा होता. तो सर्व कर्करोगांस सारखाच लागू आहे असें मानण्यांत चूक झाली. प्रोस्टेटचा कर्करोग बहुधा सावकाश वाढतो. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत १९६२ ते १९८४ या काळांत अशा रोग्यांस ३६ ग्रे अवघ्या सहा खेपांत देत असत. तो वृत्तांत १९९० सालीं प्रसिद्ध झाला, तरी रूढ पद्धति हलली नाहीं; कारण अनुभव होता, पण त्यास उपपत्ति नव्हती. ती १९९९ सालीं डेव्हिड ब्रेनर व एरिक हॉल यांनीं पुढें मांडली: या मंदगति पेशींवर दर खेपेची मात्रा मोठी असल्यास परिणाम विशेष होतो.

परंतु उपपत्तीनें नेम साधत नाहीं. ग्रंथीच्या वर मूत्राशय व मागें गुदाशय; आंतड्यांत वायु भरला तरी ती जागची सरकते. स्टॉकहोमचे लार्स लेक्सेल यांनीं १९५१ सालींच अनेक दिशांचे बारीक किरण एका बिंदूवर आणण्याची कल्पना मांडली होती. पण ती मेंदूसाठीं, आणि कवटी स्थिर ठेवतां येते. सरकत्या ग्रंथीसाठीं दर खेपेस चित्र घेऊन नेम जुळविणारीं यंत्रें यावीं लागलीं.

ब्रिटन, आयर्लंड व कॅनडा येथील, फारसा उग्र रोग नसलेल्या ८७४ पुरुषांवरील परीक्षेचा निकाल २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. पांच वर्षांनंतर रोगाचें पुनरागमन न झालेले रोगी पांच खेपांच्या गटांत शेंकडा ९५.८, तर २० किंवा ३९ खेपांच्या गटांत ९४.६ आढळले. मात्र मध्यम वा अधिक तीव्र मूत्रविकार पहिल्या गटांत शेंकडा २६.९ व दुसऱ्यांत १८.३ जणांस झाला. गुदाशयाच्या त्रासांत फारसा अंतर नव्हता.

दूरच्या गांवाहून शहरीं येऊन बिऱ्हाड करणाऱ्या वृद्धास वांचलेले आठवडे लहानसहान नव्हेत. पण त्याचें मोल काय, हें त्यास आधीं सांगितलें पाहिजे. आमच्या मतें या इतिहासाचा बोध इतकाच कीं, यशस्वी झालेला नियमहि कोठें लागू पडतो हें पुनःपुन्हां तपासावें, आणि त्याची जागा घेणाऱ्या नव्या नियमासहि त्याच कसोटीस लावावें.