मुंबई विधिपरिषद निवडणूक, १८९५

मुंबई इलाख्याच्या विधिपरिषदेसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झालेली अप्रत्यक्ष निवडणूक. तीत मध्य विभागातील स्थानिक मंडळांच्या (लोकल बोर्डांच्या) मतांवर बाळ गंगाधर टिळक निवडून आले. कोल्हापूर प्रकरणात कैद भोगलेला संपादक तेरा वर्षांनी परिषदेचा सभासद व्हावा, हे या निवडणुकीचे वैशिष्ट्य होय.

कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ केला जात आहे, असा आरोप केसरी व मराठा या पत्रांनी केला. त्यावरून संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगातून ते १०१ दिवसांनी, २६ ऑक्टोबर रोजी सुटले. पुढे २५ डिसेंबर १८८३ रोजी छत्रपतींचा अहमदनगर येथे अंत झाला.

१८९२ च्या कायद्यात ‘निवडणूक’ हा शब्द कटाक्षाने टाळलेला होता. मंडळांनी नाव सुचवावयाचे व गव्हर्नरने त्या व्यक्तीची नेमणूक करावयाची, अशी ही तडजोड होती. व्यवहारात मात्र ती निवडणूकच ठरली. कोल्हापूरच्या प्रजेला तिच्यात मत नव्हते, कारण संस्थान ब्रिटिश मुलखाबाहेरचे.

परिषदेत सरकारचा कायदेविषयक सल्लागार, म्हणजे ॲडव्होकेट जनरल, १८६१ च्या कायद्यापासून अधिकारपरत्वे बसत असे. तो सरकारनियुक्त असे. अमेरिकेत याच्या उलट प्रघात पडला होता : न्यूयॉर्क राज्याने १८४६ च्या संविधानान्वये हे पद लोकनियुक्त केले व १८४७ मध्ये ॲम्ब्रोझ जॉर्डन हे मतदारांनी निवडलेले तेथील पहिले ॲटर्नी जनरल ठरले. मुंबईत असा विचार कोणी गंभीरपणे केला नाही.

या भेदाचा प्रत्यय लवकरच आला. टिळक १८९७ मध्ये पुन्हा निवडून आले. परंतु त्याच वर्षी २७ जुलै रोजी केसरीतील लेखनाबद्दल राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. उच्च न्यायालयात सरकारतर्फे ॲडव्होकेट जनरल बेसिल लँग उभे राहिले. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी १४ सप्टेंबर रोजी अठरा महिन्यांची सक्तमजुरी सुनावली. परिषदेतील जागेचा राजीनामा टिळकांनी त्यापूर्वीच दिला होता.

स्वतंत्र भारताच्या संविधानाच्या १६५ व्या अनुच्छेदानुसार महाधिवक्त्याची नेमणूक राज्यपालच करतात.