घासलेटातला गॅस

कुडाळजवळ मावसभावाची पोल्ट्री आहे. बॅच निघाली की शेडमधली गादी उचलतात. गादी म्हणजे खाली पसरलेलं भाताचं तूस. पाच-सहा आठवड्यांत त्यात विष्ठा, पिसं, सांडलेलं खाद्य सगळं मुरतं. ती गोबरगॅसच्या टाकीत का टाकत नाहीस, असं मी विचारलं. तो म्हणाला, "ह्यां तूस जळात, पण कुसाचां नाय. ह्येका गॅसिफायर होयो." मावशी मागून म्हणाली, "म्हणजे घासलेटाचोच काय तो?" सगळे हसले. मी मात्र तिथेच अडकलो, कारण घासलेट म्हणजे 'गॅस लाइट'.

मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले. बंद भट्टीत दगडी कोळसा तापवायचा आणि निघणारा वायू नळांतून खेळवायचा, अशी ती रीत. पुढे अमेरिकेतून खनिज तेल आलं, तेही दिव्यासाठीच. माझा तर्क असा, की मुंबईतल्या चाकरमान्याने झगझगीत उजेडाचं नाव या तेलाला चिकटवलं आणि डब्यासोबत ते बोटीने मालवण-वेंगुर्ल्याला उतरवलं. वायूचं नाव द्रवाला लागलं ते असं.

कोणी म्हणतात, घासलेट 'गॅसोलीन'वरून आलं. मग शेवटचा 'ट' कुठून आला? 'गॅसोलीन'चं फार तर 'घासोलीन' झालं असतं. वात तेलाचे घास घेते म्हणून घासलेट, ही व्युत्पत्ती गोड आहे आणि तेवढीच खोटी. 'लाइट'चं 'लेट' का झालं, ही माझ्याही तर्कातली फट आहे. हमालांच्या आणि खलाशांच्या तोंडून आलेला शब्द एवढा तरी झिजणारच, असं म्हणून मी ती बुजवतो. त्याचं भावंड 'रॉकेल' मात्र सरळमार्गी: 'रॉक ऑइल'.

मूळ 'गॅस' हा शब्दही कोळशातूनच निघाला. फ्लँडर्समधल्या व्हॅन हेलमाँटने बासष्ट पौंड कोळसा जाळला तर राख उरते एक पौंड, असा हिशेब मांडला. उरलेले एकसष्ट पौंड जे उडून गेलं, त्या भांड्यात न मावणाऱ्या रानटी वाफेला त्याने 'गॅस' म्हटलं. त्याचा ग्रंथ १६४८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. काही जण या शब्दाचं मूळ डच 'गेस्ट' म्हणजे आत्मा यात शोधतात, काही फसफसण्याच्या जर्मन शब्दात. पण प्राचीनांच्या 'खाओस' म्हणजे 'केऑस'पासून आपला शब्द फार लांब नाही, असं त्यानेच लिहून ठेवलंय आणि डच तोंडात 'ग'चा उच्चार 'ख'सारखाच होतो. आंबणाऱ्या द्राक्षरसातून निघतो तोही हाच वायू, असंही तो म्हणतो. म्हणजे जळणं आणि कुसणं, दोन्ही पहिल्यापासून याच शब्दात.

सिंधुदुर्गाने त्यातलं कुसणं उचललं. आप्पासाहेब पटवर्धनांचा कणकवलीचा गोपुरी आश्रम मैल्याच्या खतासाठी गाजला. झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने डॉ. प्रसाद देवधरांच्या पुढाकाराने घरोघरी गोबरगॅस नेला. कोंबडीची विष्ठा मात्र टाकीला सोसत नाही. तिच्यातल्या नत्राचा अमोनिया होतो, गॅस करणारे जिवाणू दबतात. शेण मिसळून पातळ करावं लागतं. तूस तर तसंच तरंगतं.

म्हणून जळणं. गॅसिफायरमध्ये हवा मुद्दाम अपुरी देतात. गादी पुरती जळत नाही. तिचा कोळसा होतो आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन निघतो. मुंबईच्या बिनहवेच्या भट्टीशी याचं नातं सख्खं नाही, चुलत आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल आटलं तेव्हा मोटारींच्या पाठीला लागलेल्या कोळशाच्या भट्ट्या मात्र याच्या सख्ख्या. फलटणच्या निंबकर संस्थेत अनिल राजवंशींनी १९८०च्या दशकात लाकडाच्या गॅसिफायरवर ३.७५ किलोवॅटचं पंपाचं डिझेल इंजिन चालवलं; पुढे ते उसाच्या पाचटाकडे वळले. कोंबडीच्या गादीवरचं पहिलं मोठं वीजघर इंग्लंडात १९९२ मध्ये उभं राहिलं, पण तिथे गादी सरळ जाळतात. त्या गावाचं नाव 'आय', हे मावशीला सांगायचं राहिलं.

भावाची अडचण वेगळी आहे. गॅसिफायरला गादी कोरडी हवी, ओल साधारण वीस टक्क्यांच्या आत. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर कोसळतो. शिवाय तुसातली सिलिका आणि विष्ठेतलं पोटॅश तापून काचेसारखे गठ्ठे होतात, भट्टी तुंबते. सध्या तो गादी माडांना घालतो.