राजधानीचे राज्यत्व : अक्कलकोटचा दाखला

राष्ट्राच्या राजधानीला पूर्ण राज्याचा दर्जा द्यावा की नाही, हा वाद दिल्लीच्या निमित्ताने सतत निघतो. त्याची कसोटी अक्कलकोटच्या (जि. सोलापूर) इतिहासात चांगली दिसते. १९४८ पर्यंत हे गाव भोसले घराण्याच्या संस्थानाची राजधानी होते. घराणे आधी साताऱ्याच्या छत्रपतींचे मांडलिक होते आणि सातारा खालसा झाल्यावर थेट इंग्रजांच्या अमलाखाली आले. क्षेत्र ४९८ चौरस मैल, १९०१ च्या खानेसुमारीत लोकसंख्या ८२,०४७. राजवाडा होता, शस्त्रागार होते, पण कारभाऱ्यांना जाब विचारण्याचा हक्क रयतेला नव्हता. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राजधानीचा मान गेला, पण १९५१–५२ च्या निवडणुकीत इथल्या शेतमजुरालाही विधानसभेसाठी मत देता आले. पुढे १९६७ मध्ये सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने अक्कलकोटचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्याला (आजच्या कर्नाटकाला) देण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला, तेव्हा राज्याच्या विधानसभेत अक्कलकोटचाही प्रतिनिधी होता.

दिल्लीकराची अडचण नेमकी या प्रतिनिधित्वात आहे. १९५२ मध्ये मिळालेली विधानसभा १९५६ मध्ये गेली. ६९ व्या घटनादुरुस्तीने (१९९१) ती परत आली, मात्र पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि जमीन हे विषय केंद्राकडेच राहिले. घराजवळच्या चौकीचा कारभार बिघडला, तर आपल्या आमदाराला त्याचा जाब विचारून उपयोग नाही. राजधानी साऱ्या देशाची आहे, ती एका राज्य सरकारच्या हाती कशी द्यावी, असा आक्षेप घेतला जातो. तो वजनदार आहे. संसद, राष्ट्रपती भवन आणि वकिलाती यांची सुरक्षा केंद्राकडेच हवी. पण त्यासाठी मध्यवर्ती नवी दिल्लीचा मर्यादित भाग पुरेसा आहे; नरेला किंवा नजफगढच्या रहिवाशाचे हक्क कापण्याचे कारण त्यातून निघत नाही. पोलिसांचा खर्च आज केंद्र उचलते, तो दिल्लीला झेपेल का, हा दुसरा प्रश्नही खरा आहे. त्याचे उत्तर मात्र आर्थिक वाटाघाटीत शोधायचे असते; मताधिकार तोकडा ठेवून ते मिळत नाही.

अक्कलकोटला राजधानीपण गमावून जबाबदार सरकार मिळाले. दिल्लीला राजधानी राहूनही ते मिळू शकते, आणि मिळायला हवे. दिल्लीला राज्याचा दर्जा देणारे विधेयक २००३ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. ते मंजूर झाले नाही.