कुरणपरीक्षा

चराऊ रानातील वनस्पती, माती व तिच्यावरील आच्छादन यांत होणारे फेरफार ठरावीक जागी व ठरावीक हंगामात वर्षानुवर्षे मोजून रान सुधारते आहे की खालावते आहे, याचा निर्णय करण्याची पद्धत. तिला शास्त्रीय बैठक लाभली ती मुख्यत्वे अमेरिकेत. चराईच्या ताणाने घटणाऱ्या, प्रथम वाढणाऱ्या व बाहेरून शिरणाऱ्या अशा तीन वर्गांत वनस्पती विभागून, मूळ समुदायाचा शेकडा ७५ हून अधिक अंश शिल्लक असल्यास उत्तम आणि २५ हून कमी असल्यास निकृष्ट, अशी प्रतवारी डाइक्स्टरहाउस यांनी १९४९ मध्ये मांडली.

दख्खनच्या पठारावर हा क्रम स्पष्ट दिसतो. दबडघाव व शंकरनारायण यांच्या १९७३ च्या वर्गीकरणात ज्यांच्या प्रजातींवरून या पठाराचा तृणप्रकार ओळखला जातो, ती पवना व मारवेल ही बहुवर्षायू, सकस गवते जनावरे आधी खातात; बी धरण्यापूर्वीच ती वारंवार खुडली गेली की विरळ होतात, त्यांच्या जागी कुसळी माजते, आणि तरीही रानाला विसावा न मिळाल्यास अखेर तरोटा व उघडा मुरूम उरतो. कुसळीचे बी, ओलाव्याने पिळा घेणाऱ्या आपल्या लांब कुसाच्या जोरावर, जसे जमिनीत शिरते तसेच लोकरीतून मेंढीच्या कातडीतही रुतते. त्यामुळे रानाची अवनती धनगराला मोजपट्टीवाचून कळते, आणि कोणत्याही पाहणीत त्याची जबानी आधी घेतली पाहिजे.

पाहणी पावसाळा सरताना, गवत फुलोऱ्यावर असताना करतात, कारण तेव्हाच जाती निःसंशय ओळखू येतात. खुंट्या ठोकून कायम केलेल्या जागी एक चौरस मीटरची चौकट ठेवून आतील गवत जातवार कापतात, वाळवून तोलतात व उघड्या जमिनीचे प्रमाण टिपतात. शेजारी कुंपणाने राखलेला तुकडा हवाच. पर्जन्यछायेच्या मुलखात एका अवर्षणाने उत्तम कुरणाचेही उत्पन्न कोसळते, आणि तुलनेला राखीव तुकडा नसला तर पावसाचा दोष मेंढपाळाच्या माथी येतो, हा अन्याय होय. उपग्रहचित्रांनी विस्तीर्ण मुलखाची हिरवाई मोजता येते. मात्र तरोट्याने भरलेले गायरानही श्रावणात हिरवेच दिसत असल्याने त्यांचा चौकटीतील मोजणीशी पडताळा घ्यावा लागतो.

चराई थांबताच रान आपोआप पूर्वपदावर येते, ही जुनी समजूत वेस्टोबी, वॉकर व नॉय-मेयर यांनी १९८९ मध्ये खोडून काढली. वेडी बाभूळ माजलेल्या वा माती वाहून गेलेल्या गायरानात केवळ चराईबंदीची शिफारस अपुरी पडते. तेथे बाभूळ समूळ काढणे, समपातळीवर चर खोदून माती अडविणे आणि पावसाच्या तोंडावर मारवेलाची ठोंबे लावणे प्राप्त ठरते.