आवारातलं गवत कोण काढणार?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे ऑफिसात बसून गुपचूप वाचतात, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे कमी केलेत.

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात आमच्या राहुरीच्या घरामागून करू.

गणपतीच्या आधीचा शनिवार होता. पुण्याहून घरी आलो तर मागच्या आवारात कमरेएवढं गाजर गवत माजलेलं. शेवगा दिसतोय, पण त्याचं खोड दिसत नाही. आई म्हणाली, "मावशीला निरोप देते, उद्या येऊन काढून टाकतील." मी म्हटलं, "एवढ्याशा कामाला माणूस कशाला लावायचा? मी काढतो की." आणि उतरलो. हातमोजे नाहीत, बाह्या वर केलेल्या.

गाजर गवताला आपल्याकडं काँग्रेस गवतही म्हणतात. ते मूळचं अमेरिका खंडातलं. १९५५ साली पुण्यात त्याची नोंद झाली. पीएल-४८० योजनेच्या गव्हातून ते आलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण भारताचा तो करार १९५६ चा. म्हणजे तारखा जुळत नाहीत, गोष्टीत बग आहे. कसंही आलेलं असो, एका झाडाला हजारो बिया येतात आणि हाताला लागलं की अनेकांच्या अंगावर पुरळ उठतं. हे शेवटचं मला संध्याकाळी कळलं. हात लालभडक, कंबर धरलेली, आणि आवार जेमतेम पाव भाग मोकळं.

रविवारी मावशी आल्या. साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला रुमाल, हातात खुरपं. आल्या आल्या विचारलं, "दादा, रोजानं का उक्तं?" रोजानं म्हणजे दिवसाची मजुरी, उक्तं म्हणजे सगळ्या कामाचे मिळून ठरवलेले पैसे. मी म्हटलं उक्तं. त्या म्हणाल्या पाचशे. मी म्हटलं साडेचारशे. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "बरं, द्या." अडीच तासांत आवार साफ.

त्याच रात्री फोनवर कसलंसं १९९ रुपयांचं सबस्क्रिप्शन मी न वाचता रिन्यू केलं. आणि ते पन्नास रुपये आठवले.

पण मला जास्त लागलं ते वेगळंच. शनिवारी मी पाव भाग साफ केला, तर आई शेजारच्या काकूंना कौतुकानं सांगत होती, "बघा, इंजिनिअर आहे पण कामाची लाज नाही." रविवारी मावशींनी उरलेला पाऊण भाग साफ केला, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. काम तेच, गवत तेच. मग हा फरक आला कुठून? आजचा भाग या प्रश्नावर आहे.

गावगाडा: जिथं 'नाही' म्हणायची सोय नव्हती

जुन्या गावात बहुतेक कामं रोख पैशांवर चालत नव्हती. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, मांग, महार असे बलुतेदार वर्षभर गावाचं काम करायचे आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचे. तो वाटा म्हणजे बलुतं. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ साली आलं. गाव चालायचं कसं, हे त्यात बारकाईनं मांडलंय.

यात अंगण कोण झाडायचं? घरापुढचं अंगण घरातल्या बाईनं. पहाटे उठून झाडलोट, सडा, सारवण. त्याला मजुरी नाही, आणि ते 'काम' म्हणून कुणी मोजतही नव्हतं. गावाचं अंगण म्हणजे चावडी, वेस, तिथला परिसर. ते झाडायचं महारांनी. शिवाय निरोप पोचवायचे, सरकारी माणसाचं ओझं वाहायचं, मेलेलं जनावर ओढून न्यायचं. बदल्यात बलुतं आणि वतनाची थोडी जमीन.

वरवर बघितलं तर हा करार वाटतो. पण ज्यात एका बाजूला 'नाही' म्हणता येत नाही, त्याला करार कसं म्हणायचं? कामाचे तास ठरलेले नाहीत, यादी ठरलेली नाही, आणि जन्मानंच नेमणूक. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं, ते यासाठीच. तेव्हा ते पार पडलं नाही. पुढं राज्यघटनेच्या कलम २३ नं वेठबिगारीवर बंदी आणली, आणि १९५८ च्या कायद्यानं ही कनिष्ठ गाववतनं रद्द झाली. १९५८! म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या हयातीतली गोष्ट आहे ही.

एडिनबरोहून आलेला झाडूवाला

आता आपल्याच जिल्ह्यातलं पारनेर. तिथं १८८० साली पांडुरंग महादेव बापट जन्मले. हेच पुढचे सेनापती बापट. शिष्यवृत्ती मिळवून ते इंजिनिअरिंग शिकायला एडिनबरोला गेले. तिथं क्रांतिकारकांच्या संगतीत आले आणि बॉम्ब बनवायची विद्या मिळवून भारतात परतले. काही वर्षं भूमिगत राहिले, अटक झाली, सुटले. आणि पारनेरला येऊन काय केलं? हातात झाडू घेतला. गावचे रस्ते झाडले, शौचकुपं साफ केली. त्या काळी ब्राह्मण घरातल्या शिकलेल्या माणसानं हे करणं म्हणजे गावाला धक्काच. पुढं १९२१ ते १९२४ च्या मुळशी सत्याग्रहाचे तेच पुढारी.

मला बापटांबद्दल मनापासून आदर आहे. ते फोटोपुरतं झाडत नव्हते. हे काम अमुक जातीचंच, ही समजूत त्यांना मोडायची होती. पण एक गोष्ट बघा. बापटांनी झाडू उचलला म्हणून आपण त्यांचं नाव घेतो. त्याच पारनेरात त्यांच्या आधी पिढ्यान् पिढ्या ज्यांनी झाडलं, त्यांच्यातलं एकही नाव आपल्याला माहीत नाही. बापटांना झाडू खाली ठेवता येत होता, त्यांना येत नव्हता. आपण कौतुक करतो ते बहुतेक वेळा कामाचं नसतंच, ते निवडीचं असतं.

आता आमच्या आईचं वाक्य परत आठवा. अगदी तेच, फक्त छोट्या आवारात.

तिसरा रस्ता: सावड

स्वतः करायचं की माणूस लावायचा, असे दोनच पर्याय आपण धरतो. आपल्याकडं तिसराही होता. सावड. आज चार घरं मिळून तुझ्या रानात खुरपायची, उद्या तीच चार घरं माझ्या रानात. पैसे नाहीत, पण हिशेब पक्का. दिवसाला दिवस. इर्जिक म्हणजे मोठ्या कामाला गावानं औतं घेऊन एकाच्या रानात उतरायचं, आणि त्यानं सगळ्यांना पोटभर जेवण घालायचं.

ऐकायला फार गोड वाटतं. पण सावड कुणात व्हायची? ज्याच्याकडं रान आहे त्याच्यात. भूमिहीनाच्या रानात परतफेडीला जाणार कुठून, रानच नाही! त्यामुळं 'पूर्वी सगळे मिळून करायचे' असं कुणी म्हटलं की विचारायचं, सगळे म्हणजे नक्की कोण?

१९७२ आणि ठरलेला दर

मग आला १९७२ चा दुष्काळ. माझी आजी खडी फोडायला जायची आणि कामावर सुकडी मिळायची, हे ती शेवटपर्यंत सांगायची. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर उभी राहिली. १९७७ ला तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम आणि त्या कामाचा ठरलेला दर. कामाचा हक्क कायद्यात लिहिलेला.

आता याचा आपल्या आवाराशी काय संबंध? तर, मजुरी करणाऱ्याला दुसरीकडं काम मिळण्याची खात्री असली, की बांधावरच्या मालकाशी बोलताना त्याचा आवाज बदलतो. दर पटला नाही तर तो दुसरीकडं जाऊ शकतो. सगळं लगेच सुधारलं असं नाही. समान वेतनाचा कायदा १९७६ चा, तरी खुरपणी हे 'बायकांचं काम' म्हणून त्याचा रोज पुरुषांपेक्षा कमी, हे आजही कुठल्याही रानात जाऊन बघा. आणि कंबर कशात जास्त जाते, ते मला विचारा.

मग करायचं काय?

'आपलं काम आपण करा' एवढंच सांगून मी मोकळा होणार नाही. सगळ्यांनी सगळं स्वतः केलं तर मावशींचा रोज जातो. आणि 'पैसे दिले की विषय संपला' हेही खरं नाही. मला वाटतं, स्वतः करणं आणि माणूस लावणं यात थोर-हलकं काही नाही. बघायचं ते एवढंच, की समोरच्याला 'नाही' म्हणता येतंय का.

स्वतः करून बघण्याचा एक फायदा मात्र आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर एस्टिमेट बरोबर येतं. पाव आवाराला मला अख्खा दिवस लागला होता. तो दिवस डोक्यात ठेवून बोललो असतो, तर पाचशे जास्त वाटलेच नसते.

अजून एक. आमच्या राहुरीचं कृषी विद्यापीठ १९६८ साली सुरू झालं आणि त्याला महात्मा फुल्यांचं नाव आहे. त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १८६८ साली, फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. घराच्या आवारात कोण येतं आणि आल्यावर त्याला पाणी कसं मिळतं, हा प्रश्न इतका जुना आहे. त्या रविवारी मावशींना पाणी कुठल्या पेल्यातून दिलं, हे मी घरी विचारलं. उत्तर इथं सांगत नाही. पण तो पेला आता कपाटात सगळ्यांबरोबर असतो.

दसऱ्याच्या सुमारास परत गेलो, तर पावसानं गवत पुन्हा वर आलेलं. या वेळी मीच फोन केला. म्हटलं, "मावशी, पाचशे उक्तं, हातमोजे आणलेत." त्या म्हणाल्या, "नाही जमायचं दादा. सोयाबीनची सोंगणी चालूय, तिकडं रोज जास्त आहे."

आई वैतागली. "बघ, आता नखरे सुरू झाले."

मी फोन ठेवला, हातमोजे घातले आणि मागच्या आवारात गेलो. चिडचिड झाली, खोटं कशाला बोलू. अर्ध्या तासात कंबर बोलायला लागली. पण सारखं मनात येत होतं, की ते 'नाही जमायचं' म्हणता यावं यासाठी किती वर्षं गेलीत.

तुमच्या घरचं अंगण कोण झाडतं? आणि त्यांना 'आज नाही' म्हणता येतं का? विचार करा, जमलं तर घरात विचारा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि गाजर गवत हातमोज्याशिवाय उपटू नका!