‘एकच प्याला’चा अभ्यास

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’वर प्रश्नमंजूषा आहे असे कळले की विद्यार्थी प्रथम पात्रांची नावे पाठ करू लागतात. सुधाकर वकील, सिंधू त्याची पत्नी, तळीराम कारकून, रामलाल मित्र, पद्माकर मेहुणा. हे हवेच, परंतु दोन घटकांचे हे काम चार दिवस चालते आणि नाटक वाचावयाचे राहून जाते. अंबडास मास्तरकी करताना हे मी पुष्कळदा पाहिले.

श्रोतेहो, आधी इतिहास पाहू. शोकान्त नाटक आपल्याकडे उशिरा रुजले. संस्कृत नाटकांचा ओढा सुखान्ताकडे. भासाचे ‘ऊरुभंग’ हा विरळा अपवाद. विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ सालचे. त्याचा शेवट नायकाच्या मृत्यूत आहे. पुढे देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ रचले. याच वाटेवर ‘एकच प्याला’ येते. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरास वारले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास या नाटकाचा पहिला प्रयोग केला. कर्त्यास तो पाहावयास मिळाला नाही. बालगंधर्व सिंधू झाले, गणपतराव बोडस सुधाकर. पदे मात्र विठ्ठल सीताराम गुर्जरांची; घाईचा विद्यार्थी ती गडकऱ्यांच्याच नावावर घालतो आणि हमखास गुण गमावतो. त्या काळी आमचे अंबड निजामाच्या राज्यात होते व तेथील नव्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतून चाले. आज येथील मूल हे नाटक मायबोलीत अभ्यासते, हे मला थोडे वाटत नाही.

आता रीत. एक अंक वाचावा, पुस्तक मिटावे आणि काय घडले ते क्रमाने कोऱ्या कागदावर लिहावे. मग ताडून पाहावे. जे सुटले तेवढेच पुन्हा वाचावे. दोन दिवसांनी हेच पुन्हा करावे. नुसते पुनःपुन्हा वाचल्याने ओळख वाढते, पण आठवण पक्की होत नाही.

क्रम लिहिताना प्रत्येक वळणावर ‘का’ विचारावे. सुधाकर पहिला प्याला घेतो तो न्यायालयातील अपमानानंतर. पुढे तो दारू सोडतो, काम मागत हिंडतो, तेथे त्याचा पाणउतारा होतो आणि तो पुन्हा पितो. दोन्ही वेळा आधी अपमान, मग प्याला. ही जोडी ज्याने हेरली त्यास अंकांचा क्रम पाठ करावा लागत नाही. माझ्या मते हे नाटक दारूइतकेच दुखावलेल्या अभिमानाचे आहे. सारा दोष तळीरामाच्या माथी मारणे सोपे असते, इतकेच.

सिंधूविषयी मात्र मुले अडतात. भाऊ सधन असता ती दळण दळून का राहते? मरतेवेळी नवऱ्यास वाचविण्यासाठी खोटे का सांगते? जुन्या प्रेक्षकांनी यास पातिव्रत्य म्हणून डोळे पुसले. आजच्या मुली रागावतात. त्यांस रागावू द्यावे. ज्या मुलीने या प्रश्नावर वर्गात तावातावाने वाद घातला, तिला पाचवा अंक विसरता येणार नाही. असा वाद स्पर्धेपूर्वी आठवडाभर तरी व्हावा. आदल्या रात्री नवे काही न वाचता चौघांनी पात्रे वाटून घेऊन शेवटचा प्रवेश मोठ्याने वाचावा आणि वेळेवर निजावे.