देवयानी खोब्रागडे आणि मजुरीचा प्रश्न

डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीतील अधिकारी देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली, कपडे उतरवून झडती घेतली गेली. दिल्ली खवळली, अमेरिकन वकिलातीपुढचे सुरक्षेचे अडथळे सरकारने हटवले. सोलापुरात आमच्या वस्तीतही संताप होता. दलित घरातली, डॉक्टर होऊन १९९९ च्या तुकडीतून परराष्ट्र सेवेत गेलेली आपली लेक, आणि तिची ही विटंबना!

तो संताप खोटा नव्हता. या सेवेचा इतिहासच तसा आहे. १९४९ साली तिथे दाखल झालेल्या पहिल्या स्त्री, कूर्गच्या सी. बी. मुथम्मा, यांच्याकडून लग्न केल्यास राजीनामा देईन असे लिहून घेतले होते. १९६१ च्या नियमांनी तर सेवेतल्या स्त्रीला लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी घ्यायला लावली. बढती डावलली गेल्यावर मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा १९७९ साली न्या. कृष्ण अय्यर यांनी या नियमांतला पक्षपात कठोर शब्दांत उघडा केला. अशा ठिकाणी दलित मुलगी पोचते ही लहान गोष्ट नव्हे. (अर्थात तिचे वडील सनदी अधिकारी होते; दार ढकलण्यात एक पिढी आधीच खपली होती.)

पण खटला कशाचा होता? घरकाम करणाऱ्या बाईच्या मजुरीचा. व्हिसाच्या अर्जात तासाला ९.७५ डॉलर दाखवले आणि प्रत्यक्षात महिना ३०,००० रुपये ठरवले, असा आरोप होता. खोब्रागडे यांनी तो नाकारला. मार्च २०१४ मध्ये राजनैतिक संरक्षणाच्या मुद्द्यावर आरोपपत्र रद्द झाले, दोन दिवसांत नवे दाखल झाले. २०२० साली त्या कंबोडियात राजदूत झाल्या. त्या बाईला किती मजुरी मिळायला हवी होती, हा प्रश्न मार्चच्या निकालात आलाच नाही.

माझी आई विड्या वळायची. हजारामागे मजुरी, त्यातही कारखान्यात छाट निघे. मग रात्री पुन्हा सूप मांडीवर. तिच्या मजुरीला आधार होता तो किमान वेतन कायद्याचा. त्याचे विधेयक एप्रिल १९४६ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले ते मजूरमंत्री बाबासाहेबांनी. १९४८ साली कायदा झाला तेव्हा त्याच्या परिशिष्टात विडीकाम होते. घरकाम नव्हते.

त्या डिसेंबरात आम्ही झडतीच्या निषेधाचे पत्रक काढले. मसुदा मीच लिहिला. त्यात बाबासाहेबांचे नाव तीनदा आले होते, घरकाम करणाऱ्या त्या बाईचा उल्लेख एकदाही नव्हता.